वाडीची बासुंदी आणि आक्काचा त्याग

खिद्रापूरचं देऊळ बघायचं माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं होतं. त्यात माझ्या वाचक मैत्रिणींचा नेहमीचा लकडा, "ताई, आमच्या गुडघ्यांना झेपेल असं काहीतरी सांगा की!" खिद्रापूरला गड चढायचा नाही, दऱ्या उतरायच्या नाहीत आणि वाटेवर माझी आक्काही राहते. म्हटलं, चला, एका तिकिटात दोन कामं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मला दहा वर्षांनी मोठी, पंच्याहत्तरी ओलांडलेली. जयसिंगपूरजवळच्या एका गावात मुलगा महावीर आणि सून सुजाता यांच्याबरोबर राहते. आम्ही तिकडचे जैन, घरची शेती, ऊस आणि दोन म्हशी. मी फोन केला तर म्हणाली, "ये की! खिद्रापूरला मी पण येतो तुझ्यासंगं." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच 'येतो, जातो' म्हणतात, तेव्हा दचकू नका.

माझ्या लेकीनं मात्र नाक मुरडलं. "आई, या वयात मावशीला कशाला हिंडवतेस?" 'या वयात' हे शब्द ऐकले की माझं टाळकं सरकतं. या वयात लाल साडी? या वयात आइस्क्रीम? या वयात एकटीनं प्रवास? अरे, वय माझं आहे, तुम्हाला का जड होतंय? मी बॅग भरली आणि निघाले.

पुण्याहून कोल्हापूरकडे जाणारी दिवसाची रेल्वे घ्या, ती जयसिंगपूरला थांबते. ज्येष्ठांची सवलत गेल्यापासून आपल्यालाही पूर्ण तिकीट पडतं. घरात म्हातारी म्हणून कोपऱ्यात बसवतात आणि खिडकीवर मात्र तरणी समजून पैसे घेतात, असा सगळा कारभार. साताऱ्याच्या पुढं डोळ्यांना गारवा आहे, कऱ्हाडच्या पुढं ऊसच ऊस. मिरजेला गाडी बरीच रेंगाळते, चहा प्यायला उतरा पण डब्यासमोरच उभ्या राहा. घरून चपाती-भाजी नेलीत तर उत्तम. गाडीतल्या वड्याबद्दल मी बोलत नाही, उगाच तोंड खराब होईल.

महावीर स्टेशनवर न्यायला आला होता. घरी पोचले तर सोप्यात पाच-सहा बायका बसलेल्या आणि मधे खुर्चीवर आक्का. एकेक बाई उठून तिच्या पाया पडत होती. मी दारातच थबकले. दिवाळीला बघितलेली आक्का आणि ही आक्का, निम्मी राहिली होती. गळ्याची हाडं वर आलेली, ब्लाऊज खांद्यावरून घसरत होता. मला बघून हसली तेव्हा दातच मोठे दिसले.

शेजारची काकी मला बाजूला घेऊन भारावल्या आवाजात म्हणाली, "तुमची भैन म्हंजे देवमाणूस झाल्या बघा. आधी भाकरी सोडली. मग चपाती सोडली. आता तर भात पण सोडलाय. नुसतं दूध, ताक नि आंबील."

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्या धर्मात सल्लेखना नावाचं एक फार मोठं व्रत आहे. आयुष्य संपत आलंय असं जाणून, पूर्ण शुद्धीत, मुनी महाराजांची परवानगी घेऊन माणूस अन्नाचा हळूहळू त्याग करतो. आधी धान्य सुटतं, मग दूध, मग ताक, शेवटी पाणी. ज्या घरात असं होतं त्या घराकडे सगळा समाज आदरानं बघतो. आक्कानं कुणाकडे व्रत घेतलेलं नव्हतं, पण ज्या क्रमानं तिचं एकेक सुटत होतं तो अगदी तसाच होता. त्यामुळे गावाला वाटलं, आक्का आपल्या पायानं त्या वाटेला लागली. मलाही तसंच वाटलं. आदर वाटला, पण मला माझी बहीण अजून हवी होती.

सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली. सुजाता पोळपाट पुसत, मान खाली घालून म्हणाली, "मी काय बोलू मावशी? वय झालं की भूक मरतीच म्हणत्यात. बायका मला म्हणत्यात, तुझं भाग्य थोर, सासूची सेवा घडली. मी आंबीलीत तेवढं तूप जास्त घालतो." बिचारीचे डोळे भरले होते. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी महावीर म्हणाला, गाडी काढतो. आक्का हटून बसली, "मला यष्टीनंच जायाचंय. मला फुकट हाय." खरंच, पंच्याहत्तरीनंतर एसटीला तिकीट नाही आणि आम्हा बाकीच्या बायकांना अर्धं. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं. कार्ड बघून म्हणाला, "आज्जी, अजून टुणटुणीत हाईसा की!" आक्का खूश. मी तिचा दंड धरला होता, माझ्या मुठीत सबंध मावत होता.

वाटेतल्या नृसिंहवाडीला, आमच्याकडे नुसतं 'वाडी' म्हणतात, बस सारख्या असतात, जागा मिळते. घाटावर बसायला सावली आहे, पायऱ्या ओल्या असतात तेव्हा चपला काढायच्या आधी काठी हातात घ्या. दर्शन झालं की बासुंदीच्या दुकानात शिरायचं, हा तिथला दुसरा देव. मी आक्कासाठी नुसतं पाणी मागवत होते. तर ती दुकानदाराला म्हणाली, "मला एक वाटी."

प्याली. चमच्यानं नाही, वाटी तोंडाला लावून, हळूहळू, मधेमधे थांबत. मग ओठ पुसून म्हणाली, "आणि एक."

"आक्का," मी म्हटलं, "अगं, गाव तुझ्या पाया पडतंय आणि तू बासुंदी चापतीयास?"

"का? बासुंदीनं काय पाप केलंय?"

मी हसले. दुकानदारही हसला. पण खरं सांगते, तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. त्यागाला निघालेलं माणूस आधी गोड सोडतं, मीठ सोडतं, जिभेचे लाड सोडतं. ही बाई जिभेचे सगळे लाड पुरवत होती आणि सोडली होती ती साधी भाकरी.

कुरुंदवाडहून खिद्रापूरला बस मोजक्याच आहेत, त्यामुळे जाऊन-येऊन रिक्षा ठरवा आणि थांबायचे पैसे आधीच बोलून घ्या. देवळाबद्दल काय लिहू? समोरचा गोल मंडप वरून उघडा आहे, आभाळ सरळ खाली उतरतं आणि खांबांच्या मधे उभं राहतं. भिंतीच्या पायाशी ओळीनं हत्ती, त्यातल्या बऱ्याच जणांच्या सोंडा फुटलेल्या. आक्का खांबाला टेकून वर बघत बसली. शेजारीच आमचं आदिनाथाचं जुनं मंदिर आहे, तिथंही गेलो. तिनं णमोकार मंत्र म्हटला. चालताना ती माझ्यावर भार टाकत होती, पण भार असा काही जाणवतच नव्हता.

बाहेर एका टपरीवर मिरचीची भजी तळत होते. वासानं मला राहवेना. मी थोडी घेतली, तर आक्कानं कागदातलं एक उचललं आणि मी काही म्हणायच्या आत तोंडात टाकलं. बराच वेळ चावत होती. गिळलं. आणि तिचा चेहरा बदलला.

तिनं छातीच्या मधोमध मूठ दाबली. कपाळावर घाम आला. पाणी दिलं, तर पाणीही उलट आलं. लाळेच्या तारा लागल्या. टपरीवाली बाई धावत आली, पाठ चोळू लागली. शेवटी तो घास, जसा गेला होता तसाच, बाहेर पडला. आक्का ओट्यावर बसली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "वास लई भारी आलता गं."

मी तिच्यासमोर खाली मातीतच बसले. "कधीपासनं होतंय हे?"

"दिवाळीच्या आधीपासनं असंल. पहिल्यांदा भाकरी अडकायला लागली. सुजाताला कुठं सांगत बसायचं? म्हटलं, भाकरी सोडली. तर शेजारची म्हणाली, नियम घेतलासा व्हय आक्का? मी काय न्हाय म्हटलो न्हाय. मग चपाती पण अडकायला लागली. मग भात."

"आणि तू गप्प बसलीस?"

"त्यात काय सांगायचं? वय झालं की घसा बारीक हुतोयच की. आव्वाचं पण असंच झालतं."

आमची आव्वा, म्हणजे आई. तिनंही शेवटी एकेक पदार्थ सोडला होता, असं आम्ही आजवर अभिमानानं सांगत आलो. मी तिच्या फोटोला हार घालताना मुलांना ती गोष्ट ऐकवली आहे. तिलाही भूक लागत असेल का, हा प्रश्न मला खिद्रापूरच्या त्या टपरीसमोर पहिल्यांदा पडला, आणि आता त्याचं उत्तर द्यायला कुणी नाही.

संध्याकाळी मी महावीरला सांगितलं, उद्या कोल्हापूरला न्यायचं. तो घुटमळला. "मावशी, माणसं काय म्हणतील? आईचं सगळं इतकं चांगलं चाललंय. दवाखान्यात नेऊन नळ्या घालायच्या ह्या वयात?"

"चांगलं चाललंय?" मी ओरडलेच. "तुझी आई उपाशी आहे रे! उपवास नाही करत ती, उपाशी आहे!"

सुजाता आतून आली आणि नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "गाडीत डिझेल हाय न्हवं?" पोरगी मला त्या क्षणी फार आवडली.

कोल्हापूरला हातकणंगल्यावरून रस्ता चांगला आहे, सकाळी लवकर निघालात तर गर्दी लागत नाही. बाकी कोल्हापूर काय बघितलं, हे विचारू नका. तांबडा-पांढरा रस्सा माझ्या ताटातला नव्हे, अंबाबाईचा कळस गाडीतून दिसला तेवढाच. मी बघितली ती एका खासगी दवाखान्याची तपासणीची खोली. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीएवढ्या असतील. त्यांनी घशातून दुर्बीण घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला परत बोलावलं. तोवर मी आक्काकडेच राहिले. आक्काची अन्ननलिका गाठीनं जवळजवळ बंद झाली होती आणि रोग यकृतापर्यंत गेला होता.

"आज्जी, इतके दिवस सांगितलं का नाही तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"वय झाल्यावर अडकतंयच की ओ."

"वयानं केस पांढरे होतात, आज्जी. चामडी सुरकुतते. घास अडकणं हे वयाचं काम नव्हे. तिशीतल्या माणसाचा अडकला असता तर दुसऱ्या दिवशी इथं आणला असता ना?"

महावीर भिंतीकडे तोंड करून उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "महाराजांकडं गेलतो मी, आशीर्वाद मागायला. त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, डॉक्टरला दाखवलंस काय? मी म्हटलं, त्यात काय दाखवायचं, म्हातारपण हाय." मग तो रांगेतल्या बाकड्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते?

ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. नळीत जाळी बसवली, म्हणजे पातळ तरी खाली उतरेल. जाळी बसवल्यावर सुजातानं थर्मासमधून मूगडाळीचं कढण आणलं. आक्कानं अर्धी वाटी प्यायली आणि "मीठ कमी पडलं" म्हणून तक्रार केली. आम्ही तिघंही रडत रडत हसलो.

मी आता पुण्यात आहे. तुम्हाला खिद्रापूरला जायचं असेल तर थंडीत जा, सकाळच्या उन्हात मंडप सुरेख दिसतो. पाणी घरून न्या. तिथं स्वच्छतागृहाची बोंब आहे, वाडीतच उरकून घ्या. आणि बरोबर कुणी वडीलधारं असेल तर त्यांच्या ताटाकडे जरा बघा. काय खातात ते नाही, काय खायचं बंद केलंय ते. घास अडकत असेल, अंग उतरत असेल, बोलताना घोटाळा होत असेल, तर "वय झालं" म्हणून गप्प बसू नका. मी वर्षानुवर्षं इथं लिहीत आले की वय म्हणजे नुसता आकडा. तेही काही खरं नाही, शरीर झिजतंच. पण झिजणं वेगळं आणि आजार वेगळा. एवढं कळायला मला सदुसष्टावं लागलं.

आक्काला रोज फोन करते. डॉक्टरांनी दिवस मोजून सांगितले नाहीत, आम्हीही विचारले नाहीत. कधी पेज जाते, कधी तीही जात नाही. गावात आता सगळ्यांना कळलंय. पाया पडायला येणाऱ्या बायका आता बघायला येतात.

काल मी विचारलं, "काय म्हणतात गं सगळ्या?"

"काय म्हणणार? म्हणत्यात, वय झालंच हुतं की आक्का. पोरं-नातवंडं बघितलासा, सगळं झालं, आता काय राहिलंय?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलो, लई राहिलंय की अजून." तिनं पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला. "तर सगळ्या हसल्या. म्हातारी चेष्टा करत्या म्हणाल्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी चेष्टा करत न्हवतो गं," आक्का म्हणाली.