सुमनताईंनी मागून घेतलेले आभार

आज ज्यांची साठी आपण साजरी करतो आहोत, त्या श्रीमती सुमनताई जाधव यांचा आणि माझा पहिला परिचय त्यांच्या ओरडण्याने झाला. पिंपरीच्या औषध कंपनीत, बाटल्या भरण्याच्या खात्यात माझा तो पहिला दिवस. मी नांदेडहून लग्न होऊन आलेली. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या धावत आल्या आणि मी घाबरून डोळेच मिटले. "अगं, डोळं उघड की! बाटली हाय, वाघ न्हाई," म्हणत त्यांनी माझा हात धरला आणि काम शिकवले.

पुढे मला मुलगी झाली, मीना. रजा संपली, घरात सांभाळणारे कोणी नाही. मी नोकरी सोडण्याचा अर्ज लिहिला. ताईंनी तो वाचला आणि फाडला. "मी दुपारपाळी मागून घेते. सकाळी पोरगी माझ्याकडं." आठ महिने त्या तीन वाजता गेटवर मीनाला माझ्या कडेवर देत आणि स्वतः कामावर जात. घरी अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या आईंचेही त्याच करत. माझ्या सासूबाई राहायला आल्या, तेव्हाच त्या पहिल्या पाळीत परतल्या.

'त्यांनी कधी कशाची अपेक्षा धरली नाही' असे गौरवलेखात लिहितात. मला ते लिहिता येणार नाही.

मीनाचा पहिला वाढदिवस रविवारी आला. यजमानांनी बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना आणि खात्याच्या साहेबांना शाल-नारळ दिले, आभार मानले. कोणीतरी म्हणाले, "आणि सुमनताई?" मीच हसत म्हणाले, "घरच्या माणसाचे आभार कसले मानायचे?" सारे हसले. ताई आत पुऱ्या तळत होत्या.

सोमवारी खात्यात त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"घरची म्हणलीस. घरच्यांच्या पंगतीत तरी बसवलंस का मला? उपाशी गेले काल. तुला कळलंबी न्हाई."

ताईंना काही लागत असेल, हे माझ्या कधी मनातच आले नव्हते. मग रागही आला, केलेले बोलून दाखवतात म्हणून. घरी सांगितले, तर यजमान म्हणाले, "आठ महिन्यांत आपण एकदा तरी विचारलं का त्यांना, दमता का म्हणून?"

त्याच संध्याकाळी आम्ही पिंपळे गुरवला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या आई अंथरुणावरूनच म्हणाल्या, "कालधरनं पोरीनं अन्नाला हात लावला न्हाई. कुणी काय केलं तिला?"

"ताई, तुम्ही नसतात तर माझी नोकरी गेली असती. माझी मुलगी तुम्ही वाढवलीत. मी कधी बोलले नाही. चुकले."

"मी काय देव न्हाई गं. मलाबी लागतं." पदराने डोळे पुसत त्या एकदम म्हणाल्या, "पोरगी कुठाय? घरी ठिवून आलीस व्हय? आण जा तिला."

मीना आता पाचवीत आहे. त्या सोमवारच्या आठवणीने मला आजही धक्का बसतो. ताई बोलल्या नसत्या, तर मी इथे त्यांच्या निरपेक्षपणावर लिहिले असते आणि आपण सर्वांनी माना डोलावल्या असत्या.

साठीनंतरची सारी वर्षे ताईंना ठणठणीत प्रकृतीने लाभोत. आणि यापुढे त्यांच्या पानात पहिली पुरी आम्ही वाढू.