राजीनामा न देता

लग्न होऊन लासुर्ण्याला आले तेव्हा मी बारामतीच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात कायम झाले होते. बाटल्यांवर लेबलं लावायचं काम. सकाळची एसटी चुकली तर अर्धा दिवस जायचा, म्हणून मी ती कधी चुकवली नाही.

सातवा महिना जवळ आला तसं सुपरवायझरला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्याने ड्रॉवरमधून छापील कागद काढून पुढे ठेवला.

"हितं सही करा, ताई. बाळ मोठं झालं की या, आमी परत घेतोच की."

कागद राजीनाम्याचा होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या, सुपे गावच्या बाईने दोन बाळंतपणांत दोनदा तशी सही केली होती. दोन्ही वेळा तिला परत घेतलं, पण हंगामी म्हणून. इतकी वर्षं राबून ती अजून कायम नव्हती.

मी सही केली नाही. घरी विचारते म्हणाले आणि बाहेर आले. हजेरी लिहिणाऱ्या म्हाताऱ्या तात्यांनी सगळं ऐकलं होतं. मान खाली ठेवूनच ते बोलले, "पोरी, कपाटामागं एक तक्ता हाय भिंतीवर. सरकारी हाय. वाच."

काच धुरकट, अक्षरं बारीक. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत उभी राहून मी तो पेन्सिलीने उतरवून घेतला. बाळंतपणाची रजा पगारी आहे, त्या कारणावरून कामावरून काढता येत नाही, या दिवसांत बाईने मागणी केली तर अवघड काम देऊ नये. सगळं तिथे लिहिलेलं होतं, कपाटामागे.

घरी वाचून दाखवलं. सासूबाईंचा जन्म मेंढरांमागे गेलेला.

त्या म्हणाल्या, "मी रानात बाळंत झाले आन् चौथ्या दिवशी वाटंला लागले. थांब म्हणायला कुणी न्हवतं. तुला कायदा थांब म्हणतोय, तर थांब. पर नोकरी सोडू नगंस."

अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला, दोन प्रतींत. ऑफिसातले साहेब म्हणाले, "असा अर्ज इथे कुणी दिलेला नाही."

"मी देतेय, साहेब. दुसऱ्या प्रतीवर पोच द्या."

पोच मिळाली नाही. दुपारी पोस्टात जाऊन तोच अर्ज रजिस्टरने पाठवला. पुढच्या आठवड्यात मला लेबलांवरून काढून खोकी उचलायला लावलं. पाय सुजायचे, एसटीत मी चप्पल काढून बसायचे. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण दुसरा अर्ज लिहिला, अवघड कामाबद्दलचा. त्याचं उत्तर येईपर्यंत सुप्याच्या बाईने स्वतःचं काम सांभाळून माझ्या वाटणीची खोकी उचलली. "तू खोक्यांवर शिक्के मार, वजन मी बघते," एवढंच म्हणाली.

शेवटी मला परत लेबलांवर बसवलं आणि साहेबांनी बोलावलं. रजा मंजूर झाल्याचं पत्र हातात देत म्हणाले, "आता तुमच्यामुळे सगळ्याच मागतील."

"मागू द्या की, साहेब."

मुलगी झाली. रजा संपल्यावर मी त्याच जागेवर, कायम म्हणूनच परत गेले. पण लासुर्ण्याहून येऊन-जाऊन बाळाला दूध कसं पाजायचं? तक्त्यात त्यासाठीही दिवसातून दोन सुट्ट्या होत्या. आम्ही एमआयडीसीमागे एक खोली भाड्याने घेतली, सासूबाई सोबत आल्या, आणि मी तिसरा अर्ज दिला. या वेळी साहेबांनी तिथल्या तिथे पोच दिली.

रोज दोनदा सासूबाई लेकीला घेऊन गेटवर यायच्या. वॉचमनने त्याची खुर्ची केबिनच्या आडोशाला लावून ठेवलेली असायची. तिथे बसून मी तिला पाजायचे, पदर सारखा करायचे आणि घंटा व्हायच्या आत कामावर हजर असायचे.