पूजेत बसलेले यंत्र

खंडेनवमीला झेंडूच्या माळा घातलेला संगणक दिसला की लोक हात जोडतात. मला मात्र ते प्रकरण आठवते आणि तोंड कडू होते. नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र क्रमवार डोक्यात बसले आहे, कारण त्यात क्रमालाच महत्त्व होते. नावे घेणार नाही. गाव सांगलीपासून फार लांब नाही, एवढे पुरे.

मी तेव्हा त्या ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत बेदाण्याची बरीच शीतगृहे होती. अष्टमीच्या सकाळी त्यांपैकी एका शीतगृहातून फोन आला, की थंड खोलीत एक कामगार मरून पडला आहे. कामगार माण तालुक्यातला, चाळिशीचा, बायकोसह शीतगृहामागच्या खोल्यांत राहणारा. पाइपांवर साचलेला बर्फ पाण्याची नळी मारून काढणे हे त्याचे काम. अंगावर पातळ शर्ट, तोही ओला. खोलीला आतून दार उघडण्याची मूठ होती, पण ती तुटलेली होती आणि तुटून बरेच दिवस झाले होते.

शीतगृह एका वयस्कर व्यापाऱ्याचे. कारभार मुलगा पाहायचा. त्याचा जबाब एकदम तयार होता. बेदाण्याच्या पेट्या चोरण्यासाठी हा माणूस संध्याकाळी आत लपून बसला असणार, आणि आपण नेहमीप्रमाणे बाहेरून कडी लावली. सकाळी मुकादमाने दार उघडले तेव्हा तो आत सापडला. कॅमेऱ्यांविषयी विचारले तर म्हणाला, रेकॉर्डरची डिस्क खराब झाल्यामुळे तो बंद आहे. पंचनाम्याला गेलेल्या फौजदाराने यंत्र बंद असल्याची खात्री करून तसे लिहिले. आकस्मिक मृत्यूची नोंद झाली आणि प्रेत शवविच्छेदनासाठी सरकारी दवाखान्यात गेले.

रात्री आपला माणूस मित्रांबरोबर बसला असेल असे समजून बायको निजली होती. दुपारी ती ठाण्यात आली. रडणे उरकून आली होती. हवालदाराने नवऱ्याच्या वस्तू तिच्यापुढे ठेवल्या. मोबाइल, चपला, कमरेचा करगोटा. तिने एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली.

"आवं सायेब, टावेल कुठं हाय?"

हवालदार म्हणाला, असेल कुठेतरी, एवढ्या मोठ्या दुःखात टॉवेलचे काय घेऊन बसलात.

"नवा हुता. लाल काठाचा. त्यो सोडून ते कवाच कामाला जात न्हवते." मग ती माझ्याकडे वळली. "आनि सायेब, त्यास्नी चोर म्हंत्यात. गावाकडं फोन गेलाय. आता माती द्यायला नेलं तर लोकं काय म्हंत्याल? तेवढं तुमी बगा. ते चोर न्हवते, येवढंच लिवा."

तिने दुसरे काही मागितले नाही. लिहिण्यासाठी पुरावा लागतो, असे मी तिला सांगितले. हे वाक्य आम्ही दिवसातून कितीदा तरी बोलतो. समोरच्याला ते कसे ऐकू जाते, याचा विचार करत नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडेही शस्त्रपूजा होती. रायफली सतरंजीवर मांडल्या होत्या, बेड्यांनाही हळदकुंकू लागले होते. तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. बाईचा आवाज. कोण ते मला पुढे कळले, पण तिला मी साक्षीला आणले नाही, आणि आजही तिच्याबद्दल जास्त सांगणार नाही.

"सायेब, शिटिवीचं यंत्र पुजेत हाय. धाकलं मालक चालू करा म्हंत्यात, थोरलं मालक हात लावू देईनात. उद्या सोनं वाटलं की चालू करणार हायती. त्यात कायतरी हाय."

फोन ठेवला गेला. डिस्क खराब असलेले यंत्र सणाच्या दिवशी सुरू करण्याची घाई कुणाला कशाला असेल? दोन पंच घेतले, हवालदाराला घेतले आणि निघालो.

शीतगृहाच्या कार्यालयात धूप दरवळत होता. टेबलावर पांढरे कापड अंथरून वजनकाटा, संगणक, छपाईयंत्र आणि रेकॉर्डर ओळीने मांडले होते. प्रत्येकावर कुंकवाचे बोट, झेंडूची माळ आणि आपट्याचे पान. थोरले मालक पुढ्यात मांडी घालून बसले होते.

"साहेब, पायताण भाईर काढा," एवढेच म्हणाले.

मी बूट काढले. यंत्र ताब्यात घ्यावे लागेल, असे सांगितले. ते मानेनात. आमच्या वडिलांपासून नेम आहे, वर्षातून एक दिवस यंत्राला विसावा, सोने लुटल्याशिवाय हात लावायचा नाही, असे त्यांनी मला समजावले. मग मुलाकडे पाहून म्हणाले, "ह्यो बी सकाळपासनं मागं लागलाय. क्यामेऱ्याच्या दुकानवाल्यानं सांगितलंय म्हनं, चालू करून भरू द्या. म्या म्हनलं, आज न्हाई म्हंजी न्हाई."

मुलगा दाराशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला दिसला. म्हाताऱ्याला मात्र काही कळले नव्हते.

मी थोरल्या मालकांना विनंती केली, की तुम्हीच आपल्या हाताने उत्तरपूजा करा आणि यंत्र हलवा, आम्ही मागून उचलू. त्यांनी नाइलाजाने अक्षता टाकल्या आणि रेकॉर्डर बोटभर सरकवला. माळ त्यांनीच काढली. कुंकू तसेच राहू दिले. यंत्र सुरू न करता, पंचांसमक्ष त्याला सील लावले. बंद सापडलेले यंत्र सुरू करून पाहण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. तो आवरायचा.

मुलाला ठाण्यात बोलावले. खोटे बोलणाऱ्याला मी कधी घाई करत नसे. खरे सांगणारा अडखळतो, मागे जातो, चुकलो म्हणतो. खोटे सांगणारा सरळ रेषेत चालतो. त्याने तासभर सरळ रेषेत सांगितले. विजेचा झटका बसला, डिस्क गेली, पडदा कोरा झाला. मी सगळे लिहून घेतले.

मग विचारले, "डिस्क गेलेली होती, तर त्यात काय भरायचं होतं?"

"म्हणजे?"

"वडील म्हणाले. चालू करून भरू द्या, असं दुकानवाल्यानं सांगितलं."

त्याने पाणी मागितले. पिऊन झाल्यावर म्हणाला, "अण्णांना त्यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच ते खरं बोलले," मी म्हणालो.

दुकानवाला सरळ माणूस निघाला. त्याने जबाब दिला, की अष्टमीच्या रात्री उशिरा मालकाच्या मुलाने फोन करून विचारले होते, फॉरमॅट केलेले चित्रण परत मिळू शकते का. मिळू शकते, पण रेकॉर्डर सुरू ठेवला तर नवे चित्रण जुन्यावर बसत जाते आणि मग काही उरत नाही, असे त्याने सांगितले होते. कशासाठी विचारले, हे त्याला ठाऊक नव्हते.

यंत्र प्रयोगशाळेत गेले. बऱ्याच महिन्यांनी अहवाल आला, तेव्हा मी स्वतः जाऊन तिथल्या तज्ज्ञ बाईंना भेटलो. त्यांनी सगळे सोपे करून सांगितले. कॅमेऱ्याला माणूस दिसत नाही, उजेड दिसतो. आतली चिप त्या उजेडाचे आकडे करते. रेकॉर्डरमधला प्रोसेसर त्यातले सारखे सारखे भाग गाळून आकडे आखूड करतो, आणि डिस्कच्या फिरत्या चकतीवर ते चुंबकाने उमटतात. फॉरमॅट केल्याने ते उमटलेले जात नाही. कोणती गोष्ट कुठे ठेवली, एवढीच नोंद जाते. मी म्हणालो, म्हणजे मुद्देमालाच्या खोलीवरची पाटी पुसली, पण माल आतच आहे. त्या म्हणाल्या, तसेच. आणि नवा माल आणून जागा भरेपर्यंत जुना जागेवरच असतो. इथे नवा माल आलाच नाही. खंडेनवमीमुळे खोलीला कुलूप राहिले.

पाटी नसल्यामुळे माल तुकड्यातुकड्यांनी मिळाला होता. बाईंनी आमच्या कामाचे दोन तुकडे लावले.

पहिला संध्याकाळचा. बाहेर उजेड आहे. मुलगा बोट दाखवून कामगाराला थंड खोलीत जायला सांगतो. कामगार खांद्यावरचा टॉवेल काढून दाराशेजारच्या खुंटीला अडकवतो आणि नळी घेऊन आत जातो. आत भिजणाऱ्या माणसाला बाहेर आल्यावर अंग पुसायला कोरडे काही लागते, म्हणून तिथले सगळे जण टॉवेल बाहेर ठेवत. काही वेळाने मुलगा फोनवर बोलत येतो, दार ओढतो, कडी लावतो, बोलतच निघून जातो. टॉवेल त्याच्या हाताशी लोंबतो आहे. त्याचे लक्ष जात नाही.

इथवर हा हलगर्जीपणा होता. माणूस विसरतो. मी त्याला त्यासाठी पकडले असते, पण त्याचा तिरस्कार केला नसता.

दुसरा तुकडा सकाळचा. मुलगा एकटा येतो. कडीकडे हात नेतो आणि थांबतो. टॉवेलकडे पाहतो. बराच वेळ पाहतो. मग टॉवेल काढतो, त्याची घडी करतो, काखेत धरतो आणि कार्यालयाकडे चालू लागतो. कडी तशीच. पडद्यावर ते बंद दार राहते, आणि चित्रण तिथेच संपते. कारण कार्यालयात जाऊन त्याने डिस्क फॉरमॅट केली आणि यंत्र बंद केले. त्यानंतर मुकादमाला हाक मारून दार उघडायला लावले.

आधी टॉवेल, मग डिस्क, मग दार. बाई माझ्याकडे पाहत होत्या. मी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला नाही.

तेव्हा तो माणूस जिवंत होता का, हे डॉक्टरांना ठामपणे सांगता आले नाही. त्यांना मरणाची नेमकी वेळ देता येईना. मला एवढेच कळते, की दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही ते ठाऊक नव्हते, आणि त्याने उघडून पाहिले नाही.

आम्ही दोषारोपपत्र भक्कम केले. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणे आणि पुरावा नष्ट करणे. खटला उभा राहायला काही वर्षे गेली. मुकादम फितूर झाला. दार उघडेच होते, धाकट्या मालकानेच मला आतून बोलावले, असे त्याने शपथेवर सांगितले. तो अजून तिथेच नोकरीला होता, तेव्हा नवल वाटले नाही.

आमचा खरा आधार त्या दोन तुकड्यांचा होता, आणि तो एका बटणाएवढ्या सेलने घालवला. रेकॉर्डरच्या आत एक छोटा सेल असतो. वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो कधीचाच संपला होता. त्यामुळे वीज गेली, किंवा पूजेसाठी यंत्र बंद केले, की घड्याळ कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर जायचे. वीज आली की तिथून पुन्हा मोजणी सुरू. ते कुणी लावले नाही, कारण चित्र दिसत होते ना. आमच्या तुकड्यांवर जी तारीख होती, त्या तारखेला ते शीतगृह बांधलेलेही नव्हते.

आरोपीच्या वकिलाने आवाज चढवला नाही. त्याने एवढेच विचारले, की तारीख चुकीची आहे हे तुम्हीच म्हणता, तर बरोबर तारीख कोणती, आणि कशावरून? मयत नेहमी बर्फ काढायचा आणि नेहमी टॉवेल बाहेर ठेवायचा. विसरलेला टॉवेल कुणी उचलून ठेवला, तर तो गुन्हा कसा? हे दोन तुकडे त्याच दोन दिवसांचे, आणि एकामागून एक, हे कशावरून? बाईंनी प्रामाणिक उत्तर दिले, की डिस्कवरचा प्रत्येक तुकडा त्याच त्या पहिल्या तारखेपासून मोजलेला आहे, त्यामुळे कोणता शेवटचा हे यंत्रावरून सांगता येणार नाही.

संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष सुटका झाली.

बाहेर व्हरांड्यात थोरले मालक बाकावर बसले होते. निकाल कळूनही उठले नव्हते. खटल्यात ते चित्रण त्यांनीही पाहिले होते. मी जवळून जाताना म्हणाले, "साहेब, औंदा पूजा मांडली न्हाई." मुलगा गाडीपाशी त्यांची वाट पाहत होता. ते बराच वेळ गेले नाहीत.

मयताची बायकोही आली होती. तिने मला वाटेत गाठले.

"कोर्टानं त्यास्नी चोर लिवलं का?"

"नाही."

"चोर न्हाई, असं लिवलं का?"

"तेही नाही. तो प्रश्न कोर्टापुढं नव्हता."

ती म्हणाली, "पर तुमी बगितलंसा न्हवं? म्या बी बगितलं. त्यांनी कसा टावेल अडकवला, ते. मग तुमी गावात येऊन सांगा."

त्याच वर्षी मी निवृत्त झालो आणि गेलो. दहिवडीच्या पुढे, माळरानावरचे गाव. देवळासमोर लोक जमले. मेंढरे घेऊन निघालेलेही थांबले. मी सगळे सांगितले. त्याला मालकाने आत पाठवले होते. चोर बाहेर टॉवेल अडकवून चोरी करायला जात नाही. जमलेली माणसे मन लावून ऐकत होती. ती बाई देवळाच्या खांबाला टेकून उभी होती.

या प्रकरणातून कामाची गोष्ट शिकलो ती अशी. रेकॉर्डर सुरू सापडला तर ताब्यात घेण्याआधी त्याच्या पडद्यावरच्या घड्याळाचा आणि आपल्या घड्याळाचा एकत्र फोटो काढावा. बंद सापडला तर तो केव्हापासून बंद आहे, याचे वेगवेगळे साक्षीदार त्याच दिवशी पकडावेत. नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगतो. दुसरी गोष्ट सांगत नाही. यंत्र समोर दिसेल ते सगळे साठवते, म्हणून ते साक्षीदार होते असे नाही. त्याच्या बाजूने कुणा माणसाला उभे राहून सांगावे लागते, की हो, तो हाच दिवस होता. असा माणूस तिथे होता. तो मुकादम होता.

त्या गावात देवळासमोर माझे बोलणे संपल्यावर एकाने चहा पुढे केला. एक वयस्कर गृहस्थ डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाला, "सायेब, तुमी खोटं सांगाय येवढ्या लांब येनार न्हाई, ते कळतंय. पर मग कोर्टानं त्याला सोडलं कशापायी?"

मी सेलविषयी सांगू लागलो. घड्याळ, वीज, पहिली तारीख. सांगता सांगताच त्यांच्या चेहऱ्यांवर पुन्हा संशय येताना दिसला. खांबाकडे पाहिले, तर ती बाई तिथे नव्हती. घराकडे निघाली होती.