खोडलेल्या ओळी

परवा नातीनं वहीतल्या चुकलेल्या ओळींवर काळी शाई फिरवली आणि मला दिरांचं तुरुंगातून आलेलं पत्र आठवलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आपल्या साप्ताहिकात सरकारविरुद्ध लेख लिहिला म्हणून दिरांना पकडून नेलं होतं. राजुरीच्या आमच्या ओसरीवर कांदा पसरला होता. त्याच्या उग्र वासात बसून मी सासूबाईंना पत्र वाचून दाखवत होते, कारण त्यांना अक्षरओळख नव्हती. "मधी मधी का थांबतीस?" त्यांनी विचारलं. "तुरुंगवाल्यांनी ओळी खोडल्यात, आत्याबाई." त्यांनी पदर खोचला आणि मला घेऊन एस्टीनं थेट तालुक्याची कचेरी गाठली. साहेबांपुढं पत्र ठेवून म्हणाल्या, "माज्या लेकानं काय लिवलंय ते वाचा." साहेब चिडून म्हणाले, "बाई, खोडलेलं मला कसं वाचता येणार?" "मग मीच सांगते," म्हणत आत्याबाईंनी दिरांचा तो लेखच तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. मीच तो त्यांना कितीदा तरी वाचून दाखवला होता. कारकुनांचे टाक थांबले, व्हरांड्यातली माणसं दाराशी गोळा झाली. "गप्प बसा, नाहीतर तुम्हालाही आत टाकीन!" साहेब ओरडले. "टाका की! पर आदी समदं ऐका," म्हणाल्या, आणि शेवटच्या वाक्यापर्यंत थांबल्या नाहीत. त्यांना हात लावायला कुणी पुढं झालं नाही. चार महिन्यांनी दीर सुटून आले आणि त्याच आठवड्यात पुन्हा लिहायला बसले. आता मला कुणी "जपून बोला" म्हणालं, की माझा आवाज आपोआप चढतो.