कोरी म्हटलेली फ्लॉपी

वडिलांची हलगी मी कधीच ऐकली नव्हती. मी जन्मायच्या आधीच त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं.

ते मिरवणुकीत ट्रॉलीवरून वाजवणाऱ्या एका बेंजो पार्टीत होते. मालकाने त्यांच्या हलगीचे ठोके कीबोर्डात भरून घेतले, फ्लॉपीवर ठेवले, आणि पुढच्या गणपतीत त्यांना बोलावलंच नाही. मिरवणुकीत आपलाच ठोका ऐकून वडील ट्रॉलीवर चढले. फ्लॉपी उपसली आणि लाथ घालून कीबोर्ड खाली पाडला. मग पार्टीतल्याच पोरांनी त्यांना आडवं पाडून स्टँडच्या लोखंडी पाइपने मनगट ठेचलं. हाड बाहेर आलं तरी डाव्या मुठीतली फ्लॉपी त्यांनी सोडली नाही, असं आई सांगते.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. कॉम्प्युटर शिकतोय, तर फ्लॉपीतले ठोके बाहेर काढणं जमेल असं वाटलं. मित्राचा फ्लॉपी ड्राइव्ह आणून लॅपटॉपला जोडला.

“काय म्हणतंय?” वडील मागे उभे होते.

“डिस्क कोरी हाय म्हणतंय, आप्पा. फॉरमॅट करू का विचारतंय. म्हणजे... सगळं पुसलं जाईल.”

“कोरीच हाय म्हणतंय तर पुसू दे! व्हय म्हण की!”

त्यांनी वाकडा हात बटणांवर घातला. मी वायर उपटली. कानाखाली अशी बसली की भिंतीवर आदळलो.

“कोरी म्हणतंय भाड्या!” ते लॅपटॉपवरच ओरडले. “माझा हात गेला हिच्यापायी, आन् कोरी?”

डिस्क कोरी नव्हती. कीबोर्डाची लिहायची पद्धत वेगळी, लॅपटॉपला ती वाचता येत नव्हती, एवढंच. हे त्यांना नीट सांगता आलं नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या आतला ड्राइव्ह लागतो, हे मला वाचून कळलं. मंगळवार पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात तसा कॉम्प्युटर होता. मी न सांगताही वडील मागोमाग आले.

ड्राइव्ह करवतीसारखा ओरडत होता. डिस्क खरवडली जातेय असं वाटत होतं. बराच भाग वाचलाच गेला नाही. जो आला त्यातून मी एका प्रोग्रॅमने आवाज वेगळा काढला आणि भीत भीत बटण दाबलं.

एकच ठोका. गालात बसावा तसा.

वडिलांनी वाकडी मूठ काउंटरवर आपटली. मी परत लावला, त्यांनी परत आपटली. त्यांना ठोक्यावर यायचं होतं. मनगट वळत नव्हतं, दर वेळी हात उशिरा पडत होता. बोटांची सालं निघाली.

“ओ पावणं, काच हाय ती!” दुकानदार धावला.

काचेला तडा गेला. तिच्यावर रक्त पसरलं. मी बटणावरून बोट काढलं.

“थांबलास का?” वडील म्हणाले. “लाव की.”

मी लावला.