चादरीचा पासपोर्ट

आमच्या घराण्यात गोष्टी सांगणारा माणूस मी. बारसं असो की तेरावं, जेवणं आटोपली की पोरंसोरं माझ्याभोवती बसतात आणि मी सुरू होतो. आत्याच्या हरवलेल्या कवळीची गोष्ट, काकांच्या स्कूटरची गोष्ट — त्याच त्या, दर वेळी थोडं तिखट वाढवून. ही एक मात्र मी आजवर कोणाच्याच ताटात वाढलेली नाही. बायकोच्याही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. बसा जवळ.

मी बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्यात कर्मचारी विभागाचा साहेब आहे. साहेब म्हणजे काय — टेबलावर काच, काचेखाली गणपती, आणि कामगार आत आला की मान वर न करता ‘बोला’ म्हणायची सवय. आमच्याकडे चादरी विणतात. जाड, पांढऱ्याशुभ्र. जवळजवळ सगळा माल परदेशी हॉटेलांत जातो आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये येतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरल्याचं सोंग केलं, त्याचीच ही गोष्ट.

राजू माझा चुलतभाऊ, माझ्याहून लहान. कारखान्यात मागावर त्याला मीच लावलं. हुडकेश्वरहून कंपनीच्या बसने येतो. त्याचा माझ्यावर विश्वास — कसा सांगू? फुटाळा तलावात मगर निघाली असं मी म्हटलं, तर हा दोरी घेऊन निघेल.

रुपया तेव्हा घसरत चालला होता. आमच्यासारख्यांच्या घरी तो टीव्हीवर घसरतो. आपण चहा पीत देशाची काळजी करतो, आणि मग परदेशी फोन कधी स्वस्त होईल याची. राजूच्या घरी तो थेट स्वयंपाकघरात घसरला. खायचं तेल बाहेरून येतं, पेट्रोल बाहेरून येतं, पेट्रोलवर भाजीची गाडी येते. त्याच्या मोठ्या मुलीला, पिंकीला, नर्सिंगला जायचं होतं. कॉलेज ठरलेलं. फक्त त्या वर्षीच्या करारात पगारवाढ व्हायला हवी होती. एका रविवारी तो माझ्याकडे आला.

“भाऊ, मले एक सांग. तेल वाढून राहिलं, पेट्रोल वाढून राहिलं, डॉलर तं वाढूनच राहिला. मंग आपला पगारच काहून बसून राहिला?”

“बघू,” मी म्हटलं. ‘बघू’ हा आमच्या विभागाचा सगळ्यात खपणारा माल.

त्याच आठवड्यात मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. स्वारी खुशीत होती. का नसेल? एक धागा जास्त न विणता तेवढ्याच चादरींचे आता जास्त रुपये येत होते. त्यांनी मला काजू दिले. मग हळूच विचारलं, मुलाची फी डॉलरमध्ये भरता ना, ओढाताण होत असेल. माझा मुलगा परदेशात शिकतो — हे सांगायचं राहिलं. एरवी मात्र मी ते कोणाला सांगायचं बाकी ठेवलेलं नाही, अगदी दूधवाल्यालाही. मालकांनी माझ्या पगारात खास वाढ केली. डॉलर महागला म्हणून. माझे डोळे भरून आले, आणि ते भरलेले असतानाच ते म्हणाले, “कामगारांना तुम्हीच समजवा. तुमचं ऐकतात.”

कळलं ना? डॉलर महाग झाला म्हणून मला वाढ मिळाली. आणि डॉलर महाग झाला म्हणून त्यांना मिळणार नाही — हे सांगायला मी निघालो.

कॅन्टीनमध्ये सगळे जमले. आणि मी रंगलो! आपल्याला लागणारे रंग बाहेरून येतात, मशीनचे सुटे भाग बाहेरून येतात, सगळं डॉलरमध्ये, घरातल्या तेलाच्या पिंपासारखंच कंपनीचंही पिंप महाग झालंय — शब्द न् शब्द खरा. घरी जमलेल्या पोरांना झोपवताना मी गोष्ट अर्ध्यावर सोडतो, वाघ यायच्या आधी. इथेही तेच केलं. माल आत येतो तिथवर सांगितलं. माल बाहेर जातो, ते सांगितलंच नाही.

तेवढ्यात राजू उभा राहिला. भांडायला नाही हो — शाळेत हुशार पोरगं उभं राहतं तसा. “पण भाऊ, आपल्या चादरी बी तं बाहेरच जातात ना?”

सगळं कॅन्टीन माझ्याकडे बघू लागलं. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. मालक समोर नव्हते, कोणी माझी मान धरली नव्हती. मी काय म्हटलं?

“अरे राजाभाऊ, चादरीले बाहेर जायले पासपोर्ट लागते, अन् तो बी डॉलरमध्येच भेटते!”

या वाक्याला काही अर्थ आहे का? शोधून बघा. मी कित्येकदा शोधला. पण मी हात असे उडवले, चादर विमानात बसल्यासारखी मान अशी ऐटीत डोलावली, की पंगतच्या पंगत हसली. मागून कोणी ओरडलं, “बस गा राजू, व्हिसा काढ पहिले!” सगळ्यात जोरात कोण हसलं असेल? राजू. टेबलावर थाप मारून. आपला भाऊ काय बोलतो, या अभिमानाने.

पुढचं काम त्यानेच केलं. येता-जाता बसमध्ये एकेकाला पटवलं — भाऊ खोटं नाही बोलणार. करारावर सह्या झाल्या. वाढीऐवजी दिवाळीला प्रत्येकाला दोन चादरी मिळाल्या, शिवण चुकली म्हणून परदेशातून परत आलेल्या. त्यातली एक राजू मला देऊन गेला. आमच्या पाहुण्यांच्या पलंगावर ती आहे. छान लागते अंगाला.

पिंकीला वर्षभर थांब म्हणाले. मग आणखी वर्षभर. मग ते बोलणं घरात निघेनासं झालं. मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

मागच्या महिन्यात मुलगा सुट्टीवरून परत निघाला, त्याला मोठी बॅग हवी होती. मी बर्डीच्या बाजारात एका दुकानात शिरलो, आणि काउंटरमागून आवाज आला, “मोठेबाबा!” पिंकी. दुकानाचा लाल टीशर्ट घातलेली. बॅगांच्या चेन उघडून-लावून दाखवण्यात एकदम तयार झालेली.

मी किंमत बघून थबकलो, तर तिनेच मला समजावलं. “महाग वाटून राहिली ना? बाहेरचा माल आहे मोठेबाबा. डॉलर वाढला, त्याले कोण काय करन?” मग शेजारच्या मुलीला कोपराने ढोसून म्हणाली, “अवं, याइनंच तं आमच्या बाबाले डॉलरचं समजावून सांगतलं होतं. बाबा अजून घरी करून दाखवते. मोठेबाबा, ते पासपोर्टवालं सांगा ना हिले.”

शेठला विचारून तिने बॅगेचे थोडे पैसे कमी करून दिले. मी ते कमी करू दिले.

आणि ते पासपोर्टवालं सांगितलं. हात उडवून, मान डोलावून, पूर्ण.

दोघी पोट धरधरून हसल्या.