चुन्याची निवळी

हिंगोलीच्या बसस्थानकासमोरचा तो पानवाला चुन्याच्या मडक्याला कुणाचा धक्का लागू देत नाही. तंटा करणाऱ्या गिऱ्हाइकांनाही बजावतो, "खुशाल भांडा, पण फळीला हात न्हाई लावायचा!" चुना तळाशी बसला की वरचं नितळ पाणी श्वास रोखून बाटलीत ओततो. "ही निवळी. माझी आजी लेकराला दुधातून थेंबभर द्यायची." आमच्या विज्ञानाच्या पुस्तकातही हाच शब्द आहे. खालचा चुना त्याच्या पानाला, वरची निवळी माझ्या शाळेला.

एकदा त्यानं विचारलं, "सर, करता काय हिचं?"

"पोरं नळीनं फुंकतात, मग ती दुधासारखी होते."

त्यानं बाटली मागे ओढली. "आमी एवढी तकलीफ घेऊन निवळी काढायची, अन् तुमी लेकरायला ती फुकून गढूळ करायला शिकवून राहिले व्हय?"